किडनी कोणाची जुळते?

(वऱ्हाडातील स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांचे आरोग्य शिबिर चिखलदरा येथे झाले. त्यातील एका सत्रात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचे नाव 'किडनी प्रत्यारोपणातील जुळणी' असे छापले आहे. ते वाचून तुमच्यातल्या काहीजणींनी सकाळी चहाच्या वेळी मला विचारले, "ताई, मेळघाटात आल्यावर कुपोषण, बाळंतपण, सिकलसेल यांवर बोलायचं हे समजतं. पण किडनी बदलणं हा पैसेवाल्यांचा विषय. तो इथे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले असे, की हा विषय आपल्या प्रदेशाचा आहे. इथून घाट उतरला की खाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. तिथे विहिरीचे, बोअरचे पाणी खारट. त्या गावांमधून किडनीच्या रुग्णांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. कारण एकटे पाणीच, की त्याच्या जोडीला रक्तदाब, मधुमेह, दुखण्यावर सर्रास घेतलेल्या गोळ्या, यावर अभ्यासकांचे वाद चालू राहतील. पण घरात किडनीचा रुग्ण असणे म्हणजे काय, हे त्या गावांमधल्या बायकांना ठाऊक आहे. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला न्यायचे, मजुरी बुडवायची, आणि गावातले गोडे पाणी संपले की पुन्हा डोक्यावर हंडा घ्यायचा.

दुसरे उत्तर असे, की किडनी कारखान्यात तयार होत नाही. ती कोणाच्या तरी अंगातून काढावी लागते. घेणारा पैसेवाला असेल, पण देणारे कोण, हा प्रश्न आला की तो आपला विषय होतो. मी रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत आयुष्याची बरीच वर्षे काढली. त्यामुळे जुळणीच्या तपासण्या म्हणजे काय हे मला माहीत आहे. संघटनेत आल्यावर मला उमगले ते असे, की प्रयोगशाळेत होते ती दुसरी जुळणी. पहिली जुळणी घरात होऊन गेलेली असते. आज मी दोन्हींबद्दल बोलणार आहे.

तपासण्या तीन

आधी प्रयोगशाळेतली जुळणी समजून घेऊ. ती अवघड नाही. गावातल्या बाईला समजावून सांगता येईल इतकी सोपी करून सांगते.

पहिली तपासणी रक्तगटाची. 'ओ' गटाची व्यक्ती कोणालाही किडनी देऊ शकते, पण तिला स्वतःला फक्त 'ओ' गटाचीच चालते. 'एबी' गटाला सगळ्यांची चालते. 'ए'ला 'ए' किंवा 'ओ', 'बी'ला 'बी' किंवा 'ओ'. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा किडनीच्या बाबतीत संबंध नाही. रक्तगट न जुळताही आता काही मोठ्या ठिकाणी प्रत्यारोपण करतात, पण त्याचा खर्च आणि औषधांचा मारा दोन्ही वाढतात.

दुसरी तपासणी पेशींवरच्या खुणांची. आपल्या प्रत्येक पेशीवर 'ही माझी' असे सांगणाऱ्या काही खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. किडनीसाठी त्यांतल्या मुख्य सहा पाहतात. लग्नात पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवतात, इथे सहा. फरक एवढाच, की या सहांना शास्त्राचा आधार आहे. या सहांपैकी तीन आईकडून येतात, तीन बापाकडून. म्हणून आई आणि लेकरू नेहमी निम्मे जुळतात, बाप आणि लेकरूही तसेच. सख्ख्या भावंडांत चारांतून एकदा सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता असते, चारांतून दोनदा निम्म्या, आणि चारांतून एकदा काहीच न जुळण्याची. सगळ्यांत चांगली जुळणी एकसारख्या जुळ्या भावंडांची. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्येच.

तिसरी तपासणी क्रॉसमॅच. देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचा रक्तद्रव एकत्र करून पाहतात. घेणाऱ्याच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे आधीच तयार असतील, तर ती पेशींवर तुटून पडतात. असे झाले की तपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणायचे, आणि इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. तशी किडनी बसवली तर काही मिनिटांत, काही तासांत निकामी होऊ शकते. पटेल आणि तेरासाकी या दोन संशोधकांनी १९६९ मध्ये हे दाखवून दिले, तेव्हापासून क्रॉसमॅच केल्याशिवाय किडनी बसवत नाहीत.

यातली दुसरी तपासणी पूर्वी फार महत्त्वाची होती. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिनसारखी औषधे आली, तसे तिचे महत्त्व कमी झाले. खुणा न जुळताही किडनी टिकू लागली. याचा एक सामाजिक परिणाम झाला, आणि तो डॉक्टरांच्या पुस्तकात नसतो. तोवर देणारे शोधायचे ते रक्ताच्या नात्यात. आता बिनरक्ताच्या नात्यातली एक व्यक्ती यादीत आली. ती म्हणजे पत्नी.

आयांच्या रक्तातून आलेले शास्त्र

या पेशींवरच्या खुणा माणसाला सापडल्या कशा, ती हकिगत आपल्या चळवळीतल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी.

बाई गरोदर राहते तेव्हा पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा बापाच्या असतात. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने त्या परक्या. बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते, आणि काही बायकांचे शरीर त्या परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. बाळाला त्याचा त्रास होत नाही. पण ती प्रतिपिंडे आईच्या रक्तात वर्षानुवर्षे राहू शकतात. १९५८ मध्ये अमेरिकेत रोझ पेन या संशोधक बाईंनी आणि हॉलंडमध्ये यॉन व्हॅन रूड यांनी स्वतंत्रपणे हे दाखवले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जाँ दोसे यांना वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांमध्ये अशीच प्रतिपिंडे सापडली.

मग जगभरच्या प्रयोगशाळांनी काय केले? ज्यांची बाळंतपणे जास्त झाली आहेत अशा बायकांचे रक्त गोळा केले. त्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा उपयोग करून एकेक खूण ओळखली, तिला नाव दिले. जीन तपासण्याची नवी तंत्रे येईपर्यंत, म्हणजे कितीतरी वर्षे, कोणाची किडनी कोणाला जुळते हे ठरत होते ते चार-चार, पाच-पाच लेकरे झालेल्या आयांच्या रक्तद्रवाच्या आधाराने. त्या बायांची नावे कुठेही नाहीत. १९८० मध्ये या शोधांसाठी नोबेल दिले गेले. त्यात दोसे होते, रोझ पेन नव्हत्या.

हे मी कोणाला कमी लेखायला सांगत नाही. ज्या ज्ञानावर प्रत्यारोपणाची सगळी इमारत उभी आहे, त्याच्या पायात बायकांची बाळंतपणे आहेत. आणि याच बाळंतपणांची किंमत बाईला दुसऱ्या बाजूने मोजावी लागते.

बाई आजारी पडते तेव्हा

समजा, नवऱ्याची किडनी गेली. बायको द्यायला तयार झाली. रक्तगट जुळला, क्रॉसमॅच ठीक आली, काम झाले. नवऱ्याला कधी गर्भ राहिलेला नसतो. बायकोच्या खुणांची त्याच्या रक्ताला ओळखच नसते.

आता उलटे करा. बायकोची किडनी गेली. नवरा खरोखरच भला माणूस आहे, द्यायला तयार आहे. पण तिची तीन बाळंतपणे झाली आहेत, एखादा गर्भपातही. नवऱ्याच्या खुणा तिच्या रक्ताने लेकरांच्या रूपाने आधीच पाहिल्या आहेत. तिच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली की नवरा बाद. लेकरांच्या अंगावर निम्म्या खुणा बापाच्याच, म्हणून मोठी झालेली मुले-मुलीही कधी कधी बाद. सगळ्याच बायकांत असे होत नाही. पण बाळंतपणे वाढतात तशी शक्यता वाढते.

१९९५ मध्ये तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रत्यारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पती-पत्नींमधल्या किडन्या तीन वर्षांनी ८५ टक्के टिकल्या होत्या, आईबापांनी दिलेल्या ८२ टक्के. म्हणजे रक्ताचे नाते नसूनही पती-पत्नींमधली किडनी उत्तम चालते. पण त्यातच आणखी एक आकडा होता. बायकोने नवऱ्याला दिलेल्या किडन्या ८७ टक्के टिकल्या. नवऱ्याने बायकोला दिलेल्याही ८७ टक्केच, पण ती कधी गरोदर राहिली नसेल तर. गरोदर राहून गेलेल्या बायकांमध्ये हा आकडा ७६ होता. अशा बायकांची संख्या लहान असल्याने एवढ्यावरून पक्का निष्कर्ष काढता येत नव्हता, पण प्रयोगशाळेत आम्ही जे पाहत होतो त्याच्याशी तो जुळणारा होता.

याला जोडून आपल्या भागाची एक गोष्ट. रक्त भरल्यानेही अशी प्रतिपिंडे तयार होतात. आपल्याकडची बाई गरोदरपणभर रक्त कमी घेऊन फिरते, आणि बाळंतपणात एकदम दोन-दोन बाटल्या चढवाव्या लागतात. जीव वाचवायला रक्त भरावे लागले तर भरलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण वेळेवर लोहाच्या गोळ्या, पोटभर अन्न, जंताचे औषध मिळाले असते तर ती वेळच आली नसती. ॲनिमियावरचे आपले काम हे या प्रश्नाशीही असे बांधलेले आहे. सिकलसेलच्या रुग्ण बायांना तर वारंवार रक्त लागते, आणि सिकलसेल स्वतःही किडनीला इजा करतो.

तर मग अशा बाईसाठी उरते कोण? माहेर. आई, वडील, भाऊ, बहीण. त्यांच्या अंगावर नवऱ्याच्या खुणा नाहीत. शास्त्र सांगते, की लेकरे झालेल्या बाईने आपल्या जुळणीचा शोध माहेरात आधी घ्यावा. आणि समाज काय सांगतो? दिल्या घरी सुखी राहा. वडिलांच्या शेतात वाटा मागितलास तर भावाचे दार बंद. हक्कसोडपत्रावर सही करून आपल्या कितीतरी बहिणी माहेर टिकवतात. ते टिकवलेले माहेर किडनीच्या वेळी उभे राहते का? भावाची इच्छा असली तरी भावजय म्हणते, आमच्या लेकरांचं काय? तिचेही चुकत नाही. तिच्या संसाराला दुसरा आधार कोणी ठेवलेला नाही. एका बाईला दुसरीच्या समोर उभे करणारी ही व्यवस्था आहे.

घरातली जुळणी

आता आकडे ऐका. राष्ट्रीय अवयव व ऊतक प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या माहितीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांत घेणारे पुरुष २९,६९५ आणि स्त्रिया ६,९४५. पाचांत चार पुरुष. २०२३ या एका वर्षात जिवंतपणी अवयव देणाऱ्या स्त्रिया ९,७८४ होत्या, पुरुष ५,६५१. यांत किडनीशिवाय यकृताचा तुकडा देणाऱ्याही आल्या.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की पुरुषांची किडनी शेवटच्या टप्प्याला जास्त प्रमाणात जाते. त्यात थोडे तथ्य आहे. पण त्याने पाचास एक हे प्रमाण समजत नाही. आणि देणाऱ्यांचे काय? देण्यासाठी तर निरोगी शरीर लागते. देशातले निरोगी पुरुष गेले कुठे? त्याच २०२३ साली मेंदूमृत घोषित झाल्यावर ज्यांचे अवयव घेतले गेले त्यांत पुरुष ८४४ होते आणि स्त्रिया २५५. रस्त्यावरच्या अपघातांत पुरुष जास्त मरतात, म्हणून हा आकडा उलटा. पुरुषाचे अवयव चालत नाहीत असे नव्हे. ते जिवंतपणी मागितले जात नाहीत, एवढेच.

का मागितले जात नाहीत? कारण 'तो कमावता आहे'. डॉक्टर घरच्यांना बोलावून घेतात, 'कोण देऊ शकेल?' असे विचारतात, आणि सगळ्यांच्या माना हळूच एका दिशेला वळतात. कोणी तिला हुकूम करत नाही, मारत नाही. फक्त सगळे गप्प बसतात. ती शांतता तिला मोडावी लागते. एका आईला मी तपासणीच्या वेळी विचारले होते, तुम्हाला कोणी बळजबरी तर केली नाही ना? ती म्हणाली, "बळजबरी कायले करतील माय? पोराले मरू देऊ काय? मी नाही त दुसरं कोन हाय?" घरात तिचे दोन दीर होते, नवरा होता, मोठा मुलगा होता. त्यांच्यापैकी एकाचाही रक्तगट तपासलेला नव्हता.

त्या माउलीचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. बायका देतात त्यात प्रेम असते, हिंमत असते. त्याचा मी अपमान करणार नाही, तुम्हीही करू नका. आपला मुद्दा वेगळा आहे. 'नाही' म्हणण्याची सोय असेल तरच 'हो'ला अर्थ असतो. अमरावतीच्या सरकारी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आता किडनी प्रत्यारोपणे होतात, ही आपल्या भागासाठी मोठी आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या बातम्या वाचताना देणारी कोण, याकडे लक्ष ठेवा. नवऱ्याला किडनी देणाऱ्या बाईला वर्तमानपत्रे 'आधुनिक सावित्री' म्हणतात. बायकोला किडनी देणाऱ्या नवऱ्यासाठी मात्र आपल्या भाषेत शब्दच तयार नाही. शब्दाची गरज पडली नाही.

पत्नी म्हटले की शंका नाही

हा समज किती खोल आहे हे किडनीच्या दलालांना आपल्यापेक्षा जास्त कळले आहे.

२०१६च्या जुलैत मुंबईत पवईच्या हिरानंदानी रुग्णालयातली एक शस्त्रक्रिया पोलिसांनी ऐनवेळी थांबवली. किडनी देणारी बाई रुग्णाची पत्नी असल्याचे कागद होते. ती पत्नी नव्हती. २०२२च्या मार्चमध्ये पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमध्ये झालेल्या शस्त्रक्रियेनंतर कोल्हापूरच्या एका बाईने तक्रार केली. तिला १५ लाख रुपये कबूल करून रुग्णाची पत्नी म्हणून उभे केले होते, आणि ठरलेले पैसे मिळाले नाहीत. रुग्णाशी तिची जुळणी नव्हती. म्हणून अदलाबदलीचा मार्ग घेतला गेला. तिची किडनी दुसऱ्या कुटुंबातल्या तरुणीला, आणि त्या तरुणीच्या आईची या पुरुषाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. अदलाबदल ही चांगली सोय आहे, २०११च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. एका जोडीतली किडनी जुळत नसेल तर दुसऱ्या जोडीशी बदलायची. पण चांगल्या सोयीतही खोटी पत्नी शिरू शकते. दोन्ही प्रकरणांत 'पत्नी'च का उभी केली? खोटा भाऊ का नाही? कारण भाऊ किडनी देतो म्हटले की चार प्रश्न विचारले जातात. पत्नी देते म्हटले की कोणाला नवल वाटत नाही.

आणि हे मुंबई-पुण्याचेच आहे असे समजू नका. २०१५च्या डिसेंबरात आपल्या अकोल्यात सावकाराच्या कर्जात बुडालेल्या गरिबांना किडनी विकायला लावल्याचे प्रकरण उघडकीला आले. एकाला तर त्यासाठी श्रीलंकेत नेले होते. त्याआधी, २००६च्या सुमारास, आपल्याच अमरावती जिल्ह्यात शिंगणापूरच्या शेतकऱ्यांनी सरकारच्या निषेधासाठी 'किडनी विक्री केंद्र' उघडले होते. निषेध म्हणून लावलेला फलक पुढे काहींच्या बाबतीत खरा ठरला. मेळघाटातून दिवाळीनंतर आपल्या कोरकू बहिणी कामासाठी खाली उतरतात. ज्यांच्या हातात पैसा नाही, ज्यांना मराठीतला कागद वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत हे लोण पोचण्याआधी माहिती पोचली पाहिजे. म्हणून हे सत्र इथे.

कायदा काय म्हणतो

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. आपल्या राज्यात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, २०१४ मध्ये नवे नियम आले. आपल्या कामाच्या चार गोष्टी सांगते. टिपून घ्या.

एक, जिवंतपणी देणारे मुख्यतः जवळचे नातलग असावे लागतात. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ पासून आजी-आजोबा आणि नातवंडेही. सून या यादीत नाही. म्हणजे सासू-सासऱ्यांसाठी सुनेची किडनी घ्यायची तर प्राधिकार समितीपुढे जावे लागते, आणि दडपण नाही, पैसा नाही, याची समितीला खात्री करावी लागते. सुनेला 'हे तुझं कर्तव्य' असे कोणी सांगत असेल, तर तिला हे कलम सांगा.

दोन, २०१४च्या नियमांत २२वा नियम खास स्त्री दात्यांसाठी आहे. देणारी स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती घेणाऱ्या रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी, असे तो म्हणतो. कायद्याने मान्य केले आहे, की या देशात बाईचा होकार नुसता कागदावर पाहून चालत नाही. हा नियम किती रुग्णालयांत मनापासून पाळला जातो, हे पाहणे आपले काम आहे.

तीन, सही केल्यावरही, शस्त्रक्रियेच्या आधी केव्हाही संमती मागे घेता येते. ज्या बाईला द्यायची नाही तिने डॉक्टरांना एकटीने भेटून तसे सांगावे. अशा वेळी घरच्यांना कारण न सांगता 'यांची किडनी घेता येत नाही' एवढेच कळवण्याची पद्धत जगभर आहे. तिने डॉक्टरांकडे त्याचा आग्रह धरावा.

चार, बाईला स्वतःच्या वडिलांना, बहिणीला द्यायची असेल तर नवऱ्याच्या परवानगीची अट कायद्यात नाही. एका लेकीला वडिलांना किडनी द्यायची होती, नवऱ्याचे ना-हरकत पत्र मागितले गेले. ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २०२२च्या मे महिन्यात सांगितले, की पतीच्या संमतीची अशी अट कायदा घालत नाही, तिचे शरीर हा तिचा अधिकार आहे. द्यायचा हक्क आणि न द्यायचा हक्क ही एकाच हक्काची दोन टोके आहेत.

किडनी विकणे-विकत घेणे, दलाली करणे हा गुन्हा आहे. २०११च्या दुरुस्तीनंतर त्याला ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. पैसे घेऊन देणाराही त्यात अडकू शकतो, हे गरीब बायांना दलाल कधीच सांगत नाही.

दिल्यानंतर

एक किडनी देऊन माणूस नीट जगू शकतो. उरलेली किडनी बरेचसे काम उचलते. तेव्हा भीती पसरवू नका. पण देणारीला काही गोष्टी आधी सांगायलाच हव्यात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचे नाही. शेतमजूर बाईच्या घरात तेवढे आठवडे पाणी कोण भरणार, मजुरी कोण भरून देणार, हे आधी ठरले पाहिजे. दरवर्षी रक्तदाब, लघवी, रक्ताची तपासणी आयुष्यभर. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. आणि तरुण मुलगी असेल तर आणखी एक. कॅनडातल्या २०१५च्या अभ्यासात किडनी दिलेल्या बायकांच्या पुढच्या गरोदरपणांपैकी ११ टक्क्यांत रक्तदाबाचा त्रास झाला, न दिलेल्या तशाच बायकांच्या गरोदरपणांपैकी ५ टक्क्यांत. बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप झाली. पण मेळघाटातल्या पाड्यावर, जिथे पावसाळ्यात रुग्णवाहिका पोचत नाही, तिथे ११ आणि ५ यांतला फरक मोठा आहे.

प्रत्यारोपण झाले की सगळ्यांचे लक्ष घेणाऱ्याकडे. त्याची औषधे, त्याचे पथ्य, त्याची वेगळी खोली. देणारी टाके निघाले की चुलीपुढे. पुढच्या तपासणीला तिला कोणी नेत नाही.

आपण काय करायचे

बोलणे लांबले, आता कामाचे सांगते.

तुमच्या गावात किडनीचा रुग्ण असेल आणि प्रत्यारोपणाची बोलणी चालली असतील, तर घरी जा आणि एकच साधा प्रश्न विचारा, 'रक्तगट कोणाकोणाचा तपासला?' दोष द्यायचा नाही, भांडायचे नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तगट तपासून कागदावर लिहा, बाप्यांचाही. साधी रक्तगटाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. पुष्कळदा या एका कागदाने घरातली शांतता वेगळ्या तऱ्हेने मोडते.

रुग्ण बाई असेल तर तिच्या माहेरी निरोप पाठवा. शक्य तर स्वतः जा. आणि मेंदूमृत व्यक्तीच्या किडनीसाठी तिचे नाव प्रतीक्षा यादीत घालायला लावा. आपल्या विभागासाठी ही यादी नागपूरच्या समितीकडे असते. २०२५च्या ऑगस्टमध्ये नोटोने राज्यांना सूचना दिली आहे, की या वाटपात स्त्री रुग्णांना आणि पूर्वी ज्यांच्या घरच्यांनी मृत्यूनंतर अवयव दिले त्यांच्या नातलगांना अग्रक्रम द्यावा. सूचनेचा उपयोग तेव्हाच, जेव्हा बाईचे नाव यादीत असेल. ज्या बाईला घरचे डायलिसिसलाही नेत नाहीत तिचे नाव यादीत कोण घालणार? ते आपण.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण येते. २०२३च्या निर्णयाने त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली आहे. पुढची औषधे मात्र जन्मभराची, ती हिशेबात धरायला विसरू नका.

आणि संघटना म्हणून आपल्या मागण्या ठरवू. २२व्या नियमाप्रमाणे स्त्री दात्याशी होणाऱ्या बोलण्याच्या वेळी घरचे कोणी हजर नसावे, तिची भाषा जाणणारी बाई असावी, कोरकू असेल तर कोरकू बोलणारी. देणारीची पुढची तपासणी मोफत व्हावी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांची मजुरी भरून मिळावी. प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राने दरवर्षी देणारे किती पुरुष, किती स्त्रिया, घेणारे किती पुरुष, किती स्त्रिया, हे आकडे दरवाजावर लावावेत. आणि खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाला गोडे पाणी मिळावे. किडनी जुळवण्यापेक्षा ती जाऊ न देणे स्वस्त आहे.

जेवणानंतर गटचर्चा आहे. प्रत्येक गटाने आपल्या गावातली एक तरी गोष्ट मांडावी, कोणी दिली, कोणाला दिली, आणि देण्याआधी तिला कोणी काय विचारले.